यंत्रयुगातील ख्रिस्ती घर

वसईकडील एखाद्या ख्रिस्ती गावात संध्याकाळी सातच्या सुमारास जाणाऱ्या मनुष्यास पूर्वी एक गोष्ट हटकून आढळत असे. देवळाची घंटा होऊन गेलेली असे, वाडीतील कामे आटोपलेली असत, आणि घराघरांतून जपमाळेच्या प्रार्थनेचा एकसुरी, तरीही कानास गोड वाटणारा ध्वनी बाहेर येई. घरातील वडील माणूस प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणे व बाकीची मंडळी उत्तरार्ध म्हणत. त्यांत आजीच्या मांडीवर पेंगुळलेले मूलही असे. त्या मुलास शब्दांचा अर्थ कळत होता असे नाही. परंतु आपल्या घरातील सर्व मोठी माणसे दिवसाच्या शेवटी एका ठिकाणी गुडघे टेकतात, एवढे त्यास निश्चित कळत होते, आणि ख्रिस्ती धर्माचे त्याचे पहिले शिक्षण ते हेच होय.

हा परिपाठ आजही पुष्कळ घरांत टिकून आहे. मात्र घरात पाच माणसे असली तर आज पाच खिशांत पाच यंत्रे असतात, आणि माळेचे निम्मे मणी सरतात न सरतात तोच त्यांतील एखादे थरथरू लागते. ज्याचे यंत्र थरथरते तो गृहस्थ ओठांनी प्रार्थना म्हणत असतो व डोळ्यांनी निरोप वाचीत असतो. मुलाची नजर त्या वेळी कोठे असते हे ज्याने पाहिले असेल, त्यास आजच्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मुलांच्या मनात ख्रिस्ती श्रद्धा कशी रुजवावी, हा प्रश्न पुढे आला म्हणजे हल्लीचे आईबाप बहुधा यंत्रापासूनच आरंभ करतात. मोबाईल कोणत्या वयात द्यावा, दिवसातून किती वेळ द्यावा, त्यास कुलूप कसे घालावे, याची चर्चा मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारातही ऐकू येते. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवर खाती असू नयेत असा कायदाच झाला असून तो 10 डिसेंबर 2025 पासून अमलात आला आहे. परंतु मुलाने कोठे जाऊ नये एवढेच कायद्याला सांगता येते. मनात शंका आली असता त्याने कोणाकडे यावे, हे ठरविण्याचे काम घराकडेच राहते.

मराठी ख्रिस्ती समाजाचे यंत्राशी वैर कधीच नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. किंबहुना या समाजाचा पाळणाच छापखान्यात हलला असे म्हणावयास हरकत नाही. सेरामपूर येथे 1805 साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले गेले. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना निघाला, आणि 1842 साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. त्या काळी छापलेला कागद ही मोठी नवलाची, आणि सनातनी मंडळीच्या मते मोठी धास्तीची वस्तू होती. ओघात एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मिशनच्या याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा कामाला होता. तेथे अक्षरांची विद्या शिकून त्याने पुढे ‘निर्णयसागर’ उभारला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व देखण्या आवृत्त्यांसाठी ते नाव सर्व हिंदुस्थानभर झाले. एकाच ठिकाणी शिकलेली कला बायबलाच्याही कामी आली व काव्यशास्त्राच्याही. खिळ्यांना स्वतःचा धर्म नसतो. ते जुळविणाऱ्या हातांना असतो.

अशा हातांचे सर्वात हृद्य उदाहरण केडगावच्या मुक्तिसदनात सापडते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठीत भाषांतर केले. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा असावी हा त्यांचा कटाक्ष होता. या प्रचंड ग्रंथाचे खिळे जुळविण्याचे व तो छापण्याचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी आणि मुलींनी केले. त्यांपैकी कित्येकजणी दुष्काळात उपाशी मरता मरता वाचलेल्या होत्या. शास्त्रवचनांचा अर्थ शिकविला जाण्यापूर्वीच त्यांतील एकेक अक्षर त्यांनी शिशाच्या रूपाने हातात धरले होते. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई 1921 च्या जुलै महिन्यात वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. पुढील वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला तेव्हा तो पाहावयास आईही नव्हती व मुलगीही नव्हती. ज्या मुलींनी तो जुळविला त्या मात्र होत्या, आणि त्यांच्यापासून तो पुढच्या घरांत गेला.

छापखान्यामागून नभोवाणी आली. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. पोपमहाराजांची स्वतःची नभोवाणी मार्कोनीच्या हस्ते उभारली जाऊन 12 फेब्रुवारी 1931 पासून बोलू लागली. 1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबईस दूरदर्शन आले. या प्रत्येक वेळी आता मुले बिघडणार असे भाकीत करणारे लोक निघाले, आणि प्रत्येक वेळी ते काही अंशी खरेही ठरले. तथापि या सर्व साधनांत एक समान गुण होता. पुस्तक घरात एकच असे व ते मोठ्याने वाचले जाई. रेडिओ फळीवर असे आणि सारे घर त्याच्याभोवती बसे. दूरचित्रवाणीचेही आरंभी तसेच होते. यंत्र जे काही बोले ते बापाच्या व मुलाच्या कानांवर एकाच वेळी पडे, आणि ऐकून झाल्यावर मुलाने मान वळविली की उत्तर देणारे माणूस शेजारीच बसलेले असे. हे माणूस विद्वान असण्याची गरज नव्हती. ‘हे खरे आहे का गं, आजी?’ एवढा प्रश्न विचारावयास ते जागेवर असले म्हणजे पुरे.

मोबाईलने नेमकी ही बैठक मोडली. हिंदुस्थानातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत ते यंत्र चैनीच्या वस्तूपासून तळहाताच्या रेषेपर्यंत येऊन पोहोचले. त्याने घरात पुष्कळ चांगले आणले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आखाती देशात नोकरी करणारा बाप रात्री मुलांबरोबर प्रार्थनेस बसतो तो त्याच्याच बळावर. 2020 च्या मार्चपासून महामारीमुळे देवळांची दारे बंद झाली, आणि 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण असंख्य कुटुंबांनी लहानशा पडद्यासमोर बसून पाळला. त्या महिन्यांत तारेवरून काय येऊ शकते हे जसे समजले, तसेच काय येऊ शकत नाही हेही समजले. धर्मगुरूचा शब्द येत होता, गायन येत होते. ख्रिस्तप्रसाद मात्र येत नव्हता. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करून बसलेल्या बालकांना केवळ थांबावे लागले. आठ-नऊ वर्षांच्या मुलास बोट लावताच सर्व काही मिळण्याची सवय झालेली असता, ही एक गोष्ट तशी मिळत नाही, हे त्याला त्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवाने शिकावयास मिळाले. पुस्तकातून हा धडा कोणाला शिकविता आला नसता.

येथे एक बारीकशी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पूर्वी ख्रिस्ती घरातील बायबल दिसत असे. काळ्या पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले, मध्ये कोणाच्या तरी मृत्यूची तारीख लिहिलेले असे ते पुस्तक मेजावर असे. बापाने ते उघडले की बाप काय वाचतो आहे हे चार वर्षांच्या पोरासही कळे. आज तेच बायबल, तीच स्तोत्रे, तीच उपासनेतील गीते मोबाईलमध्ये असतात. अक्षर न् अक्षर तेच. परंतु पाहणाऱ्या मुलास बाप स्तोत्र वाचतो आहे की बाजारभाव पाहतो आहे, हे ओळखण्यास कोणतेही साधन नाही. दोन्ही वेळा मान तशीच वाकलेली, अंगठा तसाच सरकणारा. बाप कदाचित खरोखरच भाविक असेल. पण त्याची भाविकता मुलाच्या दृष्टीस पडेनाशी झाली. मुले ऐकून शिकतात त्याहून पाहून अधिक शिकतात, हे मान्य असेल तर जुने पुस्तक पुन्हा मेजावर आणून ठेवण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. आणि जे गृहस्थ रोज पहाटे शास्त्रवचनांची रंगीत चित्रे पन्नास ठिकाणी धाडतात, त्यांनी निदान एक वचन शेजारच्या खाटेवर निजलेल्या स्वतःच्या मुलास तोंडाने सांगावयास काय हरकत आहे?

परंतु या सर्वांपेक्षा मोठा पालट अगदी अलीकडचा आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले, आणि तेव्हापासून प्रश्नास उत्तर देणारी यंत्रे घरोघर आली. कोट्यवधी पानांच्या मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे गणिताने शिकून ही यंत्रे वाक्ये रचतात. ती सभ्य असतात, दमत नाहीत, रागावत नाहीत, आणि क्षणाचाही विलंब लावीत नाहीत. त्यांचा उपयोग मोठा आहे. 10 मे 2025 रोजी, नुकतेच निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले हे सांगताना, कारखान्यांच्या युगात 1891 साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढणाऱ्या लिओ तेराव्यांची आठवण केली, आणि आजच्या काळातील तसेच आव्हान म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा निर्देश केला. त्याच वर्षी जानेवारीत व्हॅटिकनने या विषयावर जे टिपण प्रसिद्ध केले, त्यातही मुलांविषयी खास काळजी आहे: यंत्रास माणूस मानण्याची सवय जडली तर मूल पुढे माणसांशीही देण्याघेण्यापुरतेच वागू लागेल, असे भय त्यात व्यक्त केले आहे.

हे भय पुस्तकी वाटू नये म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणावे. नावगावाची जरुरी नाही. असे घर कोठेही असू शकेल. दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याचे आजोबा पावसाळ्यात आजारी पडले. मुलाने नऊ दिवसांची नोव्हेना नेमाने केली, एक दिवसही चुकविली नाही. आणि दहाव्या दिवशी आजोबा वारले. मुलगा फारसा रडला नाही. सर्वांनी त्याचे कौतुक केले. पुढे पंधरा दिवसांनी आईच्या हातात मोबाईल आला असता त्यात तिला मध्यरात्री विचारलेला एक प्रश्न दिसला. मी बरोबर प्रार्थना केली नाही म्हणून आजोबा गेले का, असे त्याने यंत्रास विचारले होते. यंत्राने उत्तर दिले होते, आणि ते वाईट नव्हते. यात तुझा दोष नाही असे त्यात होते, दुःख होणे स्वाभाविक आहे असे होते, प्रार्थनेविषयी निरनिराळ्या लोकांची मते निरनिराळी असतात असे होते, आणि विश्वासातील मोठ्या माणसाशी बोलावे असा सल्लाही शेवटी होता.

आई प्रथम संतापली. रात्री वडिलांनी मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावण्याचा निश्चय केला. आजी मात्र एवढेच म्हणाली, ‘त्याने इथे का नाही विचारले, ते आधी विचारा.’ विचारले तेव्हा मुलाने सरळ उत्तर दिले, ‘तुम्ही सगळे रडत होतात.’

या उत्तरात कोणावरही आरोप नव्हता. मुलाने घरच्यांना त्रास देऊ नये म्हणून यंत्राला त्रास दिला, कारण यंत्राला त्रास होत नाही. यंत्राची खरी मोहिनी येथे आहे. चित्रे व खेळ हे तिच्यामानाने काहीच नव्हेत. जो प्रश्न विचारला असता आईच्या डोळ्यांत पाणी येईल, तो प्रश्न विचारण्यास आता मुलाजवळ अशी जागा आहे की जेथे कोणाच्याच डोळ्यांत पाणी येत नाही. आणि ख्रिस्ती श्रद्धेचे तर असे आहे की ती बहुतांशी अशाच प्रश्नांच्या वेळी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रार्थना पाठ करून घेता येते, धर्मशिक्षणाच्या वर्गास पाठविता येते. पण प्रार्थना फळली नाही तेव्हा आईने काय केले, हे मूल आईजवळच पाहू शकते.

लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची कथा आहे. सण आटोपून परतताना तो यरुशलेमेत मागे राहिला, आणि मरीया व योसेफ यांना तो तीन दिवसांनी मंदिरात सापडला. तेथे तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. ही कथा मुलांना बहुधा आज्ञाधारकपणासाठी सांगितली जाते. आईबापांनी मात्र तिचा उत्तरार्ध अधिक लक्षपूर्वक वाचावा. मुलाने जे उत्तर दिले ते त्या दोघांना समजले नाही, असे लूक स्पष्टच नमूद करतो. आणि तरीही तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला, व आईने त्या गोष्टी मनात जतन करून ठेवल्या. उत्तर न समजणे हा त्या घराचा दोष मानलेला नाही. तीन दिवस शोधीत फिरणे हेच तेथे आईबापांचे काम आहे.

मराठी भाषेत या गोष्टीचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पतीने घेतला म्हणून लगोलग घेतला नाही. दुरावा, ओढाताण आणि स्वतःचा विचार यांतून गेल्यावर 1900 साली घेतला. टिळक 1919 साली वारले. पुढे मुलगा देवदत्त याने आईच्या पाठीस लागून वडिलांच्या आठवणी मागितल्या. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या त्या बाईने त्या मागणीस जे उत्तर दिले ते ‘स्मृतिचित्रे’ होय. त्याचे भाग 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांनी अपुरे टाकलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले. मुलाच्या एका प्रश्नास उत्तर देण्यास आईला वर्षे लागली. त्या उत्तरात भांडणे आहेत, फजिती आहे, पतीच्या विक्षिप्तपणावरचे हसू आहे. आणि श्रद्धा आहे ती या सर्वांत मिसळलेली आहे, वेगळी काढून दाखविता येत नाही.

याउलट अगदी नव्या काळातील एक नाव हल्ली पालकांच्या तोंडी असते, ते कार्लो अकुतिस याचे. हा मुलगा 1991 साली लंडनमध्ये जन्मला, मिलानमध्ये वाढला, आणि 12 ऑक्टोबर 2006 रोजी रक्ताच्या कर्करोगाने, वयाच्या पंधराव्या वर्षी वारला. संगणकाची विद्या त्याने आपली आपण शिकून घेतली व ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यास ती वापरली. व्हिडिओ खेळास त्याने स्वतःच आठवड्याला एक तास एवढी मर्यादा घालून घेतली होती, असे सांगतात. 7 सप्टेंबर 2025 रोजी त्यास संत म्हणून घोषित करण्यात आले. हे उदाहरण स्फूर्तिदायक आहे यात संशय नाही. परंतु मुलास संगणक घेऊन दिला म्हणजे संतपदाची निम्मी वाट सरली, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या चरित्रातील एक गोष्ट आईबापांनी विशेष पाहण्यासारखी आहे. त्याची आई पूर्वी देवळात क्वचितच जात असे, हे तिने स्वतःच सांगितले आहे. लहान मुलाच्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात, म्हणून ती स्वतः शिकावयास बसली. मुलाने विचारले, आईला लाज वाटली, आणि आई विद्यार्थिनी झाली.

त्या पहिल्या घरात मोबाईल कपाटात गेला नाही. वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि जपमाळेच्या वेळी सर्वांनी आपापली यंत्रे स्वयंपाकघरातील एका टोपलीत ठेवावी असे ठरविले. पहिल्या दिवशी त्यांचेच यंत्र त्यांनी विसरून खिशात ठेवले होते, आणि ते वाजले. मुले हसली. त्यांनी उठून ते टोपलीत टाकले व पुन्हा येऊन बसले. आईने मुलास जवळ घेऊन सांगितले की आजोबा का गेले हे तिलाही ठाऊक नाही, तिनेही देवाजवळ तेच मागितले होते आणि काही दिवस ती देवावर रुसलीही होती. मुलाने विचारले, ‘मग तू प्रार्थना का म्हणतेस?’ तिला लगेच उत्तर सुचले नाही. ‘उद्या सांगते,’ असे ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही तिला ते नीट सांगता आले नाही.

नोव्हेंबरच्या 2 तारखेस, मृतांच्या स्मरणदिनी, सारे घर मेणबत्त्या व फुले घेऊन दफनभूमीकडे निघाले. वाटेत मुलगा आजीचा हात धरून मागे राहिला. आजीचे गुडघे दुखत असल्याने ती हळूहळू चालत होती. आजोबांनी कधी प्रार्थना केली आणि ती फळली नाही असे झाले होते का, असे त्याने तिला विचारले. आजी थांबली, थोडा श्वास घेतला, आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी दगावलेल्या पहिल्या मुलाची गोष्ट, जी तिने घरात फारशी कोणाला सांगितलेली नव्हती, ती चालता चालता त्याला सांगू लागली.